केळीसारखी लावलेली पिओनी

"काकू, सगळ्यात मोठं फूल कोणतं ते द्या."

शहाद्याच्या वेशीवर माझी नर्सरी आहे. तीस वर्षांहून जास्त झाली, आणि या वाक्यानं सुरू झालेली गिऱ्हाइकं मोजायला बसले तर दिवाळी उलटून जाईल. जास्वंद मोठी हवी, गुलाब पत्रावळीएवढा हवा, झेंडू नारळाएवढा हवा. झाड जगेल का, हे कोणी विचारत नाही. मग मीच विचारते. ऊन किती वाजेपर्यंत येतं? पाणी कोण घालणार? घरात शेळी आहे का? शेळीचं विचारलं की लोकांना राग येतो, पण निम्मी रोपं तिच्याच पोटात गेलेली असतात, हे मला अनुभवानं ठाऊक आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्सरी म्हणजे पिशवीत माती भरायची, काडी खोचायची आणि विकायची. तेवढंच असतं तर मी कधीच कंटाळले असते. खरं काम जात निवडण्याचं. मोगरा म्हटलं तरी त्यात चार तऱ्हा. एक वासाला, एक गजऱ्याला, एक नुसताच पानांनी माजणारा. कोणाच्या अंगणात कोणती जात नांदेल हे ओळखायचं असतं. लग्न जमवण्यासारखंच आहे ते, आणि बिघडलं की बोल मध्यस्थालाच लागतो.

रनाळ्याचे एक गुरुजी होते. मोगरा फुलत नाही म्हणून तीनदा कुंडी घेऊन भांडायला आले. तिसऱ्यांदा मी त्यांना म्हटलं, "गुरुजी, एक महिना त्याच्याकडे बघू नका." त्यांना अपमान वाटला. पण त्याच महिन्यात ते मुलाकडे पुण्याला गेले, पाणी घालायला कोणी उरलं नाही आणि मोगरा पांढराशुभ्र फुलला. लाडानं रोज दोन तांबे ओतणारा माणूस, झाड बिचारं काय करणार? तेव्हापासून आमचं चांगलं जमलं.

आणि मी फार शहाणी आहे असंही नाही. अक्कलकुव्याच्या बाजारात एकदा डोंगरातली एक म्हातारी कळलावीचे कंद घेऊन बसली होती. मी चार घेतले आणि घरी आणून उलटे लावले. पुढच्या बाजाराला तिला सांगितलं, उगवले नाहीत. तिला माझी भाषा अर्धीच कळत होती आणि मला तिची तेवढीही नाही. तिनं एक कंद उचलला, त्याच्या टोकावरच्या बारीकशा फुगवट्यावर माझं बोट टेकवलं, मग आकाशाकडे हात केला आणि पोट धरून हसली. कंदाला डोळा असतो आणि तो वर ठेवायचा असतो, हे मी शेतकी खात्याच्या पुस्तकाआधी तिच्याकडून शिकले.

हे सगळं सांगते आहे ते भटू आबांच्या फुलासाठी. भटू आबा म्हसावदचे, केळी-पपईचे बागायतदार. माणूस कष्टाळू आणि हट्टी, दोन्ही भरपूर. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. पोळा होऊन गेला होता. आबा आले, खुर्चीवर बसले नाहीत, मोबाइल माझ्यापुढे धरला.

"ताई, हाई फूल शे का तुन्हाकडे?"

फोटोत एक गोरी मुलगी फुलांच्या शेतात उभी होती. तिच्या हातातलं फूल तिच्या तोंडाएवढं. गुलाबी, पाकळीत पाकळी, त्या पाकळीतही आणखी पाकळ्या. गुलाब वाटावा, पण पानं गुलाबाची नव्हती आणि काटा कुठे दिसत नव्हता. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. इतक्या वर्षांत कोणी मला न ओळखता येणारं फूल दाखवलं की माझ्या अंगात काहीतरी संचारतं. जेवण सुचत नाही.

"कोण ही?"

आबांनी मोबाइल खाली घेतला. "वहू शे मन्ही," म्हणाले, आणि मग खाली बसले.

गोष्ट गावाला माहीत होती, मलाही उडत उडत कळली होती. आबांचा एकुलता एक मुलगा नितीन हॉलंडला नोकरीला गेला आणि त्यानं तिथल्याच लीनाशी लग्न केलं. आबा लग्नाला गेले नाहीत. चार वर्षं मुलाशी बोलले नाहीत. फोन आला की काकू, म्हणजे त्यांची बायको, गोठ्यात जाऊन बोलायच्या. आता फेब्रुवारीत दोघं पहिल्यांदा घरी येणार होते. हा फोटो काकूंच्या मोबाइलवर होता. लीनाच्या वडिलांची त्या फुलांची शेती आहे, आणि ती लहानपणापासून त्याच फुलांत वाढली, हे आबांना त्या दिवशीच काकूंकडून कळलं.

"तिन्हासंगे माले बोलता येत नही," आबा म्हणाले. "माफी मांगाले त बिलकुलच येत नही. पन लावाले माले येस. ती आंगनमा उनी का तिले तिन्हं फूल दिसाले पाहिजे. बस."

मी म्हटलं, बघते.

फुलाचं नाव पिओनी, हे माझ्या नातीनं मोबाइलवर शोधून दिलं. मग मी आठवडाभर तेच वाचत बसले. किती विचित्र झाड आहे! थंडीत जमिनीवरचं सगळं मरून जातं, खाली मुळं जिवंत राहतात, आणि कडाक्याची थंडी खाल्ल्याशिवाय ती पुन्हा जागीच होत नाहीत. आपल्याकडे झाडं उन्हानं मरतात, हिला थंडी मिळाली नाही तर ती रुसते. एकदा जागा आवडली की पन्नास वर्षं तिथेच राहते, पण पहिली एक-दोन वर्षं फुलेल याची खात्री नाही. कळीला गोड चीक येतो म्हणून मुंग्या लागतात, आणि त्या मुंग्या काही बिघडवत नाहीत. मला तर वेडच लागलं. घरचे म्हणाले, आजीला परीक्षा आहे वाटतं.

लिली आणि ग्लॅडिओलसचे कंद मी हिमाचलातल्या एका व्यापाऱ्याकडून मागवत असे. त्याला फोन केला. आधी तो हसला. "मॅडमजी, आपके यहाँ तो मिर्ची होती है." मग माझा आवाज ऐकून गंभीर झाला आणि नीट समजावून सांगितलं. पिओनीच्या शेकडो जाती. पण गरम मुलुखात लावायचीच असेल तर लवकर फुलणारी आणि एकेरी पाकळीची घ्यावी. कळी लहान, तिला उघडायला जोर कमी लागतो आणि ऊन तापायच्या आत ती फुलून मोकळी होते. भरगच्च पाकळ्यांची उशिरा फुलते. तिची कळी उन्हात सापडली की आतल्या आत वाळते. "इकहरा ही लेना," असं त्यानं दोनदा सांगितलं. त्यानं फोटोही पाठवले.

ते फोटो मी आबांना दाखवले. एकेरीचं फूल बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"हाई काय फूल शे? सात-आठ पाकळ्यासनं? हाई त सदाफुलीनी मावशी शे!"

"आबा, हेच इथे येईल. दुसऱ्याचा भरवसा नाही."

"माले मोठंच पाहिजे. चार वरीसनं भांडन, आनि माफीले इतलंसं फूल?"

मी दोन एकेरी, दोन भरगच्च घेऊ म्हटलं. ऐकेनात. इथे मी माझी चूक कबूल करते. मी ठाम नाही म्हणायला हवं होतं. गुरुजींना महिनाभर मोगऱ्यापासून लांब ठेवणारी बाई मी, आबांपुढे का नरमले? खरं सांगायचं तर मलाही तेच फूल बघायचं होतं. माझ्या हातानं उमललेलं, परातीएवढं. गिऱ्हाइकाचा हट्ट आणि माझी हौस एक झाली आणि अक्कल बाजूला राहिली. चारही मुळं भरगच्च जातीची मागवली.

दसऱ्याच्या सुमाराला खोकं आलं. आत लाकडाचा भुसा, त्यात रताळ्यासारखी मुळं, प्रत्येकावर दोन-तीन लालचुटूक डोळे. मी किती वेळ नुसती हातात घेऊन बसले होते. दोन मुळं आबांना दिली, दोन माझ्याकडे कुंडीत ठेवली. आबांना दहा वेळा बजावलं. डोळे वर. वरून माती फक्त एक बोट. खत नको. पाणी बेतानं. त्यांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी मी सहज म्हसावदला गेले तर अंगणात दोन ढिगारे. मला आधी वाटलं काही पुरलंय. आबांनी दीड फूट खड्डा घेतला होता, दोन पाट्या शेणखत, वर ठिबकची नळी आणि वरून केळीला लावतात तशी मातीची भर! आमच्या तापीकाठच्या माणसाला बुंध्याभोवती माती ओढल्याशिवाय झाड लावल्यासारखंच वाटत नाही. केळ वाऱ्यानं पडू नये म्हणून भर लावतात, ते बरोबरच. पण हे?

"एक बोट सांगितलं होतं ना मी?"

"कवळं शे ना ते, ताई. उघडं कसं सोडू? उनमा जळी जाई."

मी खुरपं मागितलं. उकरलं तर हाताला चिखल आणि वास. दोन्ही मुळं कुजून गेली होती. आबा बघत होते. त्यांचा चेहरा पाहून माझ्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. मायेनंच मारलं होतं, त्याला काय म्हणणार?

उरली माझ्याकडची दोन. आणि त्यांच्यासाठी थंडी कुठून आणायची? आमच्याकडे डिसेंबरात लोक स्वेटर घालून हिंडतात, पण ती थंडी पिओनीच्या हिशोबानं उन्हाळाच. घरच्या फ्रिजमध्ये कुंडी मावेना. विचार करता करता आबांनाच सुचलं, आणि त्याबद्दल मी त्यांना शंभर गुण देते. नंदुरबारला मिरचीची शीतगृहं आहेत. एकाचा मालक त्यांच्या ओळखीचा. आमच्या दोन कुंड्या दिवाळीनंतर मिरचीच्या पोत्यांमध्ये जाऊन बसल्या.

दर पंधरा दिवसांनी मी माती ओली आहे का बघायला जायचे. शाल गुंडाळून आत शिरायचं आणि शिंका देत बाहेर यायचं. तिथला रखवालदार पहिल्या दिवशी कुंड्यांत वाकून वाकून बघत होता. वर एक पानसुद्धा नव्हतं.

"काकू, लोक आठे मिरची ठेवतस. तुम्ही माती ठंडी करी ऱ्हायनात?"

मी म्हटलं, "हो रे बाबा, मला ऊन सोसत नाही, मरणाआधी माझी माती गार करून ठेवतेय." तो इतका घाबरला की पुन्हा काही बोलला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कुंड्या बाहेर काढल्या आणि नर्सरीत हिरव्या जाळीखाली ठेवल्या. दहा दिवस काही नाही. अकराव्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन गेले तर माती फुटलेली. हळदीला येतात तसे कोंब, पण गडद लाल. माझा चहा तसाच गार झाला. आबांना फोन केला, ते अर्ध्या तासात मोटारसायकलवर हजर. आम्ही दोघं म्हातारी त्या कुंडीसमोर उकिडवे बसून राहिलो. एका कुंडीत नुसती पानंच आली. दुसरीत तीन दांडे आले, आणि महिन्याभरात एका दांड्याच्या टोकाला कळी. आधी वाटाण्याएवढी, मग बोराएवढी. मुंग्या आल्या. आबा औषध फवारायला निघाले, मी त्यांचा पंप लपवून ठेवला.

दोघं यायला दहा दिवस राहिले तेव्हा आबा म्हणाले, कुंडीत नको, अंगणात लावू, इथेच उगवलंय असं दिसू दे. मी स्वतः गेले. माती न फोडता हलक्या हातानं दोन्ही झाडं लावली, वर एक बोट माती, सावलीला जुनी साडी बांधली आणि जास्त माती घालायची नाही अशी आबांना देवाची शपथ घालून आले.

पण फेब्रुवारी संपत आला होता आणि ऊन चढलं होतं. ते यायच्या आदल्या दिवशी सकाळी फोन.

"कळी काळी पडनी वं, ताई."

गेले. कळी बोराएवढीच राहिली होती. वरून तपकिरी, दाबली तर आत सुकं. हिमाचलवाल्यानं सांगितलं होतं अगदी तसंच. मला रडू आलं, आणि ते आलं हे सांगायला लाज कसली? एकेरी लावली असती तर फुलली असती कदाचित. नसतीही फुलली. पण मी नाही म्हणाले नाही, हे मला डाचत होतं, आजही डाचतं.

आबा ओट्यावर बसून होते. शेवटी म्हणाले, "सुरतहून एक फूल आनी लेसूत. दांडाले दोरा बांधी देसूत. कोनले समजी?"

मग मात्र मी भडकले. "आबा, तिच्या बापाची शेती आहे! तिला उल्लू बनवणार? चार वर्षांनी सून दारात येतेय आणि पहिली थाप फुलाची मारणार?"

काकू आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जे शे ते शे." आबा उठून शेतात गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी काकूंचा निरोप आला म्हणून गेले, पण मला थांबायचं नव्हतं. घरचा मामला, आपण कशाला मध्ये? पण काकूंनी हात धरून बसवलं. गाडी आली. काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. नितीननं वाकून आबांच्या पायांना हात लावला, आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मागे लीना. उंच, उन्हानं लाल झालेली, सुती साडी कशीबशी गुंडाळलेली. तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "आबा, रामराम. मी लीना." आबांनी मान हलवली आणि ओट्याचा खांब धरून त्याच्याकडेच बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता दहा दिवस हे असेच खांबाकडे बघणार.

आणि तिला ती पानं दिसली.

ती थांबली. नितीनला काहीतरी विचारलं, चालत गेली आणि साडीसकट मातीत गुडघे टेकून बसली. पानं उलटी करून पाहिली. कळी दोन बोटांत धरून हलकेच दाबली, डॉक्टर नाडी बघतो तशी, आणि मान हलवली. मग तिनं बुंध्याशी बोट खुपसलं आणि एकदम हसली. नितीनशी बोलली.

नितीन म्हणाला, "आबा, ती विचारस, इतली माती कोन्ही टाकी?"

मी आबांकडे पाहिलं. काल मी गेल्यावर माझी शपथ मोडून त्यांनी पुन्हा भर लावली होती! चांगली वीतभर. मायेला औषध नाही.

"मी," आबा म्हणाले.

लीनानं मला जात विचारली. मी जपून ठेवलेली खोक्यावरची नावाची चिठ्ठी दाखवली आणि नितीनमार्फत खरं सांगून टाकलं, एकेरी घ्यायला सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. तिनं भुवया उंच केल्या. मग मीही सोडलं नाही, मुंग्यांचं विचारून घेतलं. तिच्या वडिलांच्या शेतातही मुंग्या असतात आणि तेही त्यांना हात लावत नाहीत, हे ऐकून मला फार बरं वाटलं. बोलता बोलता ती दोन्ही हातांनी बुंध्याभोवतीची माती बाजूला काढत होती. मी मिरचीच्या शीतगृहाचं सांगितलं आणि नितीननं ते तिला समजावलं, तेव्हा तिचे हात थांबले. तिनं आबांकडे पाहिलं, बराच वेळ. तिचे डोळे भरले होते.

आबा खांब सोडून आले. गुडघा धरत तिच्यासमोर उकिडवे बसले आणि दुसऱ्या बाजूनं माती काढायला लागले. ती एक मूठ काढे, ते एक मूठ काढत. मधेच तिनं त्यांचं मनगट धरून थांबवलं, लाल डोळा दिसायला लागला होता. तिनं त्यांचं बोट त्याच्यावर आडवं ठेवून दाखवलं, इतकीच माती.

"काय म्हनस ती?" आबांनी विचारलं.

"ती म्हनस, झाड जीव धरी ऱ्हायनं. फूल तिसरा साले येस. तवपावत दरसाल थंडीमा मुळं काढीसन ठंडामा ठेवनं पडी. नहीतर नही येवाव."

"तिसरा साले," आबा पुटपुटले. खाली बघून माती चाळवत राहिले. मग म्हणाले, "तिले सांग, माले यानं काही समजत नही. मी पुन्हा माती लाई देसू. तिले दरसाल येनं पडी."

नितीननं तोंड फिरवलं. लीना एकदा नितीनकडे, एकदा आबांकडे बघत होती. शेवटी तो कसाबसा म्हणाला, "आबा, तुम्हीच सांगा तिले."

आबांनी मान वर केली. बहिऱ्या माणसाशी बोलतात तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, मातीनं भरलेल्या हातानं आधी झाड दाखवून आणि मग घराचं दार दाखवून, ते तिला म्हणाले, "बेटा. दरसाल. आठे. ये."